टवका उडाला म्हणून काकांचा पगार कापावा का?

प्रश्न थोडक्यात: सातारा जिल्ह्यातले एक तरुण वाचक. वडिलांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हरकी केली. घरातला पहिला स्वतःचा ट्रक, नवा दहाचाकी, या वाचकांनी कर्ज काढून चार महिन्यांपूर्वी घेतला. गाडी बहुतेक वेळा साखर घेऊन न्हावाशेवाला जाते, परतीला मिळेल तो माल. हौसेनं, आणि रंगही जपला जाईल म्हणून, दारांच्या खाली आणि केबिनला क्रोमच्या पट्ट्या बसवून घेतल्या, बंपरही चमकवला. आता समोरच्या बाजूला रंगाचे टवके उडायला लागलेत आणि क्रोमवर बारीक तपकिरी ठिपके दिसतायत. एका दुकानानं संपूर्ण केबिनला पारदर्शक फिल्म लावायचे १,१०,००० रुपये सांगितले, दुसऱ्यानं सिरॅमिक कोटिंगचे ३५,०००. एक मित्र म्हणतो पुढे मोठा स्टीलचा गार्ड लाव, दुसरा म्हणतो पावसाळ्यात क्रोमला जुनं ऑइल फास. महिन्याचा हप्ता पंचाहत्तर हजारांच्या आसपास आहे. खडीच्या भीतीनं वाचकांनी एका बांधकामाच्या साइटच्या खेपा नाकारल्या. बंपरच्या वरच्या पत्र्यावर मोठा टवका दिसला तेव्हा ड्रायव्हरच्या पगारातून ३,००० रुपये कापले. ड्रायव्हर वयानं मोठे, घरचे सगळे त्यांना काका म्हणतात. तेव्हापासून काका कामापुरतंच बोलतात. गाडी नवी कशी ठेवायची आणि कापलेले पैसे बरोबर की चूक, असं वाचक विचारतात.

दादा,

तुम्ही काकांचा प्रश्न पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करते. फिल्म पुढच्या महिन्यातही लावता येईल, काकांशी बोलणं या आठवड्यात व्हायला हवं.

पगार कापताना तुम्ही मनाशी एक गोष्ट धरून चालला होतात: टवका उडाला म्हणजे चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं. हे तपासून पाहू. आपल्याकडच्या रस्त्यांना लागते ती काळ्या पाषाणाची, बेसाल्टची खडी. नदीतल्या गोट्यासारखी ती गुळगुळीत नसते, क्रशरमध्ये फोडलेली असल्यामुळे तिच्या कडा धारदार असतात. पुढच्या गाडीच्या टायरच्या खाचेत ती अडकते, चाक फिरताना सुटते आणि वर उडते. तुमची गाडी तिथं पोहोचते तेव्हा ती बऱ्याचदा जवळपास जागच्या जागी हवेत असते. खडी येऊन गाडीवर आदळली असं आपण म्हणतो, पण खरं तर गाडीच खडीवर जाऊन आदळलेली असते, आणि धडकेचा जोर ठरतो आपल्याच वेगावर. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी ६० च्या वेगानं गेलात तर वेग पाव भागानंच कमी होतो, पण धडकेतली ऊर्जा सुमारे ४४ टक्क्यांनी उतरते.

आता यातलं काकांच्या हातात काय आहे? वेग आहे आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आहे. ताडपत्री न टाकता चाललेला खडीचा डंपर दिसला की त्याच्या मागे चिकटून न राहणं, हेही आहे. पण समोरून येणाऱ्या उघड्या डंपरवरून खडा पडला तर तो त्या डंपरचा वेग घेऊनच येतो. तिथं दोन्ही गाड्यांच्या वेगांची बेरीज होते आणि जगातला कुठलाही ड्रायव्हर त्यात काही करू शकत नाही. तुमची गाडी ज्या पुणे–बंगळुरू महामार्गावरून जाते, त्याच्यावर शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम किती काळ चाललंय हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. वळवलेले रस्ते, सेवा रस्त्यावर पसरलेली कच, मध्येच उखडलेला डांबराचा थर. अशा वाटेनं जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर टवके उडणारच. तो टवका कुठल्या खडीनं, कुठल्या किलोमीटरवर उडाला हे तुम्हाला माहीत नाही आणि काकांनाही नाही. वेतनाचा कायदाही अशा वेळी मालकाला मोकळा हात देत नाही. नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या चुकीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालं असावं लागतं, आणि आधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. तुम्ही यातलं काहीही केलेलं नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी या कपातीत तुमचाच तोटा आहे. टवक्याला पैसे कापले जातात हे कळलं की ड्रायव्हर टवका दाखवत नाही. तो चिखलाखाली राहतो, पाणी पितो आणि तुम्हाला दिसतो तेव्हा तिथं गंजाचा फोड आलेला असतो. नव्या गाडीचं रूप टिकवण्यात सगळ्यात उपयोगाचा माणूस तो, ज्याला टवका पहिल्यांदा दिसतो. तो माणूस काका आहेत. तेव्हा येत्या पगारात तीन हजार परत द्या, आणि पाकिटात गुपचूप घालून नाही, तोंडानं सांगून. "काका, घाईत कापले, चुकलं माझं" एवढं पुरेसं आहे. मग त्यांना एक काम सोपवा: खेप संपली की गाडीभोवती एक फेरी मारायची आणि नवा टवका दिसला तर मोबाइलवर फोटो पाठवायचा. फोटो आला की प्रश्न एकच विचारायचा, खाली पत्रा दिसतोय का? "कसा काय उडाला?" हे विचारूच नका.

वेगाबद्दल आणि अंतराबद्दल त्यांच्याशी जरूर बोला, पण त्यात तुमचाही वाटा आहे. "रात्रीपर्यंत पोहोचायलाच पाहिजे" असा फोन तुम्ही करणार असाल तर खडीच्या पट्ट्यात ४० नं जा हे सांगण्याला अर्थ राहत नाही. साध्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेवायला सांगा. ६० च्या वेगात ते साधारण पासष्ट-सत्तर मीटर होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजायला लागायचं, आपली गाडी त्या खांबापाशी पोहोचेपर्यंत चार व्हायला हवेत. नवीन खडी पसरलेली असेल, डंपर पुढे असेल तर त्याहून जास्त. या उपायाला पैसा लागत नाही आणि बाजारातल्या कुठल्याही लेपापेक्षा तो जास्त काम करतो, हे मी पूर्ण विचार करून सांगते आहे.

आता गाडीकडे वळू. दुकानदाराकडे जाण्याआधी एक लोहचुंबक घ्या, मऊ कापडात गुंडाळा आणि केबिनभोवती फिरा. चुंबक जिथं चिकटतो तिथं पत्रा. हल्लीच्या ट्रकच्या केबिनला बंपरचे कोपरे, जाळी, पायऱ्यांची आवरणं, कोपऱ्यांचे हवा वळवणारे भाग असं बरंच काही प्लास्टिकचं किंवा फायबरचं असतं. तिथला टवका नुसता डोळ्यांना खुपतो. प्लास्टिक गंजत नाही. पत्र्यावरच्या टवक्याचं तसं नाही. तिथं थर फुटून लोखंड उघडं पडलं की पाणी लागताच गंज सुरू होतो, आणि तो टवक्यापुरता थांबत नाही, रंगाच्या खालून पसरत जातो. तुमची गाडी न्हावाशेवाला खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तासन् तास रांगेत उभी असते, म्हणजे तिथं ही गती आणखी वाढते. तेव्हा टवके दोन प्रकारांत वाटून घ्या, पत्र्यावरचे आणि इतर. तुमची झोप उडवायचा हक्क फक्त पहिल्या प्रकाराला आहे, आणि चुंबक फिरवल्यावर ते तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी निघतील अशी माझी अटकळ आहे.

फिल्मविषयी. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. पारदर्शक फिल्म, जिला दुकानात पीपीएफ म्हणतात, ती १५० ते २०० मायक्रॉनची असते. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, टीपीयूची असते. ती लवचीक असल्यामुळे खडीचा मार थोडा पसरवते आणि रंगापर्यंत पोहोचू देत नाही. म्हणजे ती खरंच काम करते, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती साध्या पीव्हीसीची फिल्म पीपीएफ म्हणून विकतात तेव्हा. ती उन्हात पिवळी पडते, आक्रसते आणि काढताना डिंक मागे ठेवते. म्हणून बिलावर "टीपीयू" असा शब्द आणि मायक्रॉनमधली जाडी लिहून मागा. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून लावू नका. आणि खरोखरची टीपीयू फिल्मसुद्धा अभेद्य नसते, वीस मिलिमीटरची धारदार खडी ८० च्या वेगात लागली तर फिल्म फाटू शकते. तिच्यावरचे ओरखडे उन्हानं आपोआप भरून येतात असं दुकानदार सांगतात, ते कापडाच्या घासण्यासारख्या बारीक ओरखड्यांपुरतं खरं आहे. फाटलेली फिल्म भरून येत नाही.

संपूर्ण केबिनला ती लावायची का? माझं मत, नाही. खडी केबिनच्या छताला लागत नाही, दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला क्वचित लागते, पाठीला तर लागतच नाही. मार बसतो तो पुढच्या पत्र्याच्या खालच्या निम्म्या भागाला, काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना, हेडलाइटला, वरच्या छज्जाच्या पुढच्या कडेला आणि चाकामागच्या दाराच्या खालच्या पट्ट्याला. दुकानदाराला केबिनचा भाव विचारू नका, चौरस फुटाचा विचारा, आणि एवढेच भाग मोजून घ्या. रक्कम एकदम खाली येते. खालच्या पट्ट्याला महाग फिल्मही नको, तिथं चिखल, दगड आणि धुण्याचा फवारा यांनी ती लवकर खराब होते. साधी पारदर्शक विनाइल लावा आणि वर्षभरानं बदला. एक खबरदारी मात्र घ्या. कारखान्यातला रंग भट्टीत सुमारे १४० अंशांवर भाजलेला असतो, त्याच्यावर फिल्म कधीही लावता येते. गॅरेजमध्ये नव्यानं मारलेला रंग आत पूर्ण सुकायला काही आठवडे लागतात. त्याच्यावर घाईनं फिल्म चढवली तर खाली बुडबुडे येतात, पुढे काढताना रंगही निघून येतो. आणि हौद्याला यातलं काहीच लावू नका. हौद्यावरचा रंग बॉडीवाल्यानं मारलेला असतो, तो वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा मारायचाच असतो.

सिरॅमिक कोटिंगचे पस्तीस हजार वाचवा. तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. पाणी ओघळून जातं, धूळ कमी चिकटते, चमक राहते, हे त्याचे गुण खरे आहेत. शहरात फिरणाऱ्या मोटारीला ते पुरतात. पण खडीपुढे एक-दोन मायक्रॉनचं काही चालत नाही, आणि तुमची तक्रार खडीची आहे.

आता क्रोम. इथं मला तुमच्या मनातली दुसरी समजूत हलवायची आहे. क्रोमच्या पट्ट्या रंगाचं रक्षण करतात असं धरून तुम्ही त्या बसवल्या. त्या कशानं बसवल्या आहेत ते बघा. पत्र्याला भोकं पाडून स्क्रू मारले असतील, आणि बाजारात बहुतेक असंच करतात, तर कारखान्यानं दिलेला गंजरोधक थर त्या प्रत्येक भोकात तुटला आहे. पट्टीच्या मागे पाणी आणि मातीचा राड साचतो, वारा लागत नाही आणि वरून काही दिसतही नाही. खडीच्या टवक्यांपेक्षा ही भोकं तुमच्या दाराचा पत्रा आधी खातील. म्हणून पावसाच्या आधी एक दिवस काढा आणि सगळ्या पट्ट्या उतरवा. भोकांच्या कडा घासून झिंक प्रायमर लावा, वर रंगाचा हात द्या. पुन्हा बसवायच्याच असतील तर ज्या चिकटवता येतील त्या दुहेरी टेपनं चिकटवा. स्क्रूच्या जागी सिलिकॉन भरा, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्यातून निघणारं आम्ल लोखंड गंजवतं. दुकानात "न्यूट्रल" सिलिकॉन मागा. पट्टीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला वाट मोकळी ठेवा. काही पट्ट्या परत न बसवल्या तरी गाडी चांगली दिसेल, पण तो निर्णय तुमच्या हौसेचा आहे आणि पहिल्या गाडीच्या हौसेला मी नाही म्हणणार नाही.

तपकिरी ठिपक्यांचं कारण खडीपेक्षा वेगळं आहे. क्रोमचा वरचा थर फार कठीण पण फार पातळ असतो, शोभेच्या कामात बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. त्याच्याखाली निकेलचा जाड थर असतो आणि खरं संरक्षण निकेल देतं. वरच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. निकेल पातळ असेल तर त्यातून खारं पाणी लोखंडापर्यंत पोहोचतं आणि ठिपके वर येतात. स्वस्तातल्या सामानात निकेलमध्येच काटकसर केलेली असते. ठिपके अजून बारीक असतील तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. मग धुऊन, कोरडं करून मेण लावा. दर धुण्याला नाही, महिन्यातून एकदा मेण पुरतं. चकाकणारं सगळंच क्रोम नसतं, हेही ध्यानात घ्या. स्टेनलेस स्टीलची नळी असेल तर तिच्यावर थर नसतोच, ओरखडा बफिंगनं निघतो. कंपनीकडून आलेली चकचकीत जाळी बहुधा मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं. तिचा मुलामा एकदा सुटायला लागला की परत बसत नाही, भाग बदलावा लागतो, म्हणून फिल्म लावणारच असाल तर तिच्या सपाट कडांनाही लावून घ्या.

जुनं ऑइल फासू नका. त्याला धूळ चिकटते, आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ रंगावर आणि मुलाम्यावर घासली जाते. शिवाय ते रबरी पट्ट्या फुगवतं आणि रस्त्यावरून वाहून जातं ते वेगळंच. वॉशिंग सेंटरवर मात्र स्वतः उभे राहा किंवा काकांना उभं राहायला सांगा. लवकर चमक यावी म्हणून तिथं आम्लाचं पाणी मारतात, आणि क्रोम, ॲल्युमिनियमची टाकी आणि स्टीलच्या पट्ट्या या सगळ्यांचं त्यानं नुकसान होतं. साधा वाहनाचा शाम्पू पुरे. दाबाच्या फवाऱ्याचं तोंड निदान हातभर लांब धरायला सांगा. टवक्याच्या कडेवर जवळून फवारा मारला तर भोवतालचा चांगला रंगही उचकटतो. न्हावाशेवाहून परत आलात की बाकी काही जमलं नाही तरी साध्या पाण्यानं बंपर, पायऱ्या, चाकांची कमान आणि केबिनचा खालचा भाग धुऊन टाका. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. काडीनं मोकळी करत राहा. ट्रकच्या केबिनी कुजतात त्या बहुतेक अशा जागी: दाराचा तळ, गालिच्याखालची फरशी, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच. पुढे गाडी विकायची वेळ आली की जाणता गिऱ्हाईक हेच चाचपून बघतो, बंपरवरचे टवके तो मोजत बसत नाही.

मोठ्या स्टीलच्या गार्डबद्दल मित्राला नाही म्हणा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत, त्यात ते येतात. दंडापेक्षाही मोठी गोष्ट अशी की पायी चालणारा किंवा दुचाकीवाला त्या नळ्यांवर आदळला तर वाचणं अवघड होतं. आणि खडी अडवायची म्हणाल तर नळ्यांच्या मधून ती आरामात जाते. त्यापेक्षा कंपनीच्या जाळीच्या आतून, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या पुढे, तारेची जाळी बसवून घ्या. रंगाचा टवका तुम्हाला हजारात पडेल, पण फुटलेला कंडेन्सर किंवा गळका रेडिएटर खेपच बुडवतो. जाळी फार बारीक नको. वारा कमी झाला तर इंजिन तापतं, आणि चिखल, किडे, भुसा अडकून ती बुजते. बसवल्यावर घाट चढताना तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा.

आपल्याच चाकांनी उडणाऱ्या खडीचा विचार तुमच्या पत्रात कुठंच नाही. पुढचं चाक मागे खडी फेकतं ती पायऱ्या, डिझेलची टाकी, हवेच्या टाक्या आणि केबिनचा मागचा कोपरा यांच्यावर. तिथले टवके बघितलेत का? चाकाच्या रुंदीइतके, जाड रबराचे मडफ्लॅप लावा, आणि कमानीच्या आतून रबरासारखा राहणारा काळा अंडरकोट मारून घ्या. तो दिसत नाही म्हणून कुणी मारत नाही. मागच्या जोडटायरमध्ये अडकणारा दगड तर फारच वाईट. मुरमाच्या किंवा खडीच्या जागेतून बाहेर पडलात की डांबरी रस्त्याला लागण्याआधी उतरून दोन्ही बाजूंच्या जोडटायरमध्ये बघायचं आणि अडकलेला दगड टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, काढायचा, हा नियम जुने ड्रायव्हर पाळतात. काकांना तो माहीत असणार. तो दगड टायरच्या बाजू चिरतो, आणि वेगात सुटला तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडाच्या उंचीवर जातो. आपल्या गाडीवर आलेल्या खडीचा एवढा विचार करतो तेव्हा आपण फेकलेल्या खडीचाही करायला हवा. तुमचा माल खडी-वाळूचा असेल त्या दिवशी ताडपत्री नीट बांधा, हौद्याचा मागचा फाळका झटकून घ्या.

उडालेले टवके कसे भरायचे ते सांगते, म्हणजे दर वेळी पेंटरकडे जावं लागणार नाही. रंगाचा कोड गाडीच्या स्टिकरवर असतो, बहुधा दाराच्या चौकटीवर. सापडला नाही तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारा. त्या कोडचा टचअप रंग, थोडा प्रायमर आणि दोन बारीक कुंचले केबिनमध्ये ठेवा. टवका धुवा, कोरडा करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा म्हणजे मेण आणि तेलकटपणा जातो. गंज आलेला असेल तर फक्त तेवढ्या ठिकाणी बारीक पॉलिश पेपरनं लोखंड लखलखीत होईपर्यंत घासा. मग प्रायमरचा थेंब, सुकला की रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन. एकाच जाड थेंबानं टवका बुजवायचा मोह होतो, पण तो थेंब वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पुढे निघून पडतो. काम सुबक दिसणार नाही. दोन हातांवरून दिसेल, दहा हातांवरून दिसणार नाही, आणि पत्रा वाचेल. पाऊस चालू असेल, रंग मारता येत नसेल तर टवका कोरडा करून त्याच्यावर पारदर्शक टेपचा तुकडा लावून ठेवा. पुढच्या काचेवर खडी लागून तारा उमटला तरी तीच युक्ती: कोरडं करायचं, टेप लावायची आणि लवकरात लवकर रेझिन भरणाऱ्याकडे न्यायचं. तारा लहान आहे तोवर काच वाचते. तो चालवणाऱ्याच्या नजरेसमोर असेल किंवा तडा पसरला असेल तर मात्र काच बदलावी लागते. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

पेंटरकडे न्यायची वेळ आली, तर सगळे टवके साठवून एकदाच न्या, आणि लांबी (पुट्टी) भरण्याआधी गंज पूर्ण काढलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गंजावर लांबी भरून वर चकचकीत रंग मारला की सहा-आठ महिन्यांत तिथंच फोड येतो.

विम्याचे कागदही आज रात्री काढून बघा. व्यावसायिक वाहनाच्या साध्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटचे आणि बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचं नुकसान, गाडीच पूर्ण गेल्याशिवाय, धरत नाहीत. ते धरायला "आयएमटी २३" ही जोड घ्यावी लागते. बऱ्याच मालकांना हे दावा करायला गेल्यावर कळतं. तुमच्या पॉलिसीत ती नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी मागा. असली तरी टवक्यांसाठी दावा करू नका. वर्षभर दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत जाऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. दोन-चार हजारांच्या रंगासाठी ती घालवणं परवडत नाही. काच, हेडलाइट, रेडिएटर अशा मोठ्या गोष्टींसाठी दावा राखून ठेवा.

राहिला प्रश्न नाकारलेल्या खेपांचा. पत्रात तुम्ही तो अभिमानानं लिहिलाय, "गाडी जपायची म्हणून भाडं सोडलं." दादा, तुमच्या वडिलांनी एवढी वर्षं गाडी चालवली ती मालकाचा हप्ता फिटावा म्हणून आणि घर चालावं म्हणून. तुमची गाडीही त्याच कामासाठी घेतलेली आहे. महिन्याला पंचाहत्तर हजारांचा हप्ता असताना उभी राहिलेली गाडी टवके उडालेल्या गाडीपेक्षा महाग पडते. नव्या गाडीवरचा पहिला टवका जिवाला लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात पिढीत पहिल्यांदा आलेल्या वस्तूवर जीव जडणारच. पण गाडी नवी राहावी हा हट्ट आणि गाडी धडधाकट राहावी ही काळजी, यातली दुसरी धरलीत तर साइटच्या खेपाही घेता येतील.

त्या ठेकेदाराला तुम्हीच फोन करा. साइटच्या आतला रस्ता किती लांब आहे, मुरूम दाबलेला आहे की मोकळी खडी आहे, पाणी मारतात का, ते विचारा. आत दहा-पंधराच्या वर वेग नको हे काकांना सांगा, त्या वेगात खडी रंगाचं फारसं काही बिघडवू शकत नाही. बाहेर पडताना जोडटायर बघायला लागणारा वेळ खेपेच्या वेळात धरा. टायरची झीज, धुणं आणि वर्षातून एकदाचा रंग यांचा खर्च खेपांवर वाटून भाड्यात मिळवा, आणि तो आकडा मोकळेपणानं सांगा. त्याला परवडलं तर खेप घ्या. नाही परवडलं तर सोडा, आणि त्या वेळी ती भावामुळे सोडलेली असेल.